बोअरच्या पाण्याला थिनरसारखा वास, नक्की कुठली टेस्ट करायची?

भोसरीची_आई
मंडळी, आम्ही भोसरीत एमआयडीसीला लागून राहतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं म्हणून सोसायटीत बोअरचं पाणी खालच्या टाकीत मिसळतात. दिवाळीपासून सकाळी नळ सोडला की थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो आणि थोड्या वेळाने जातो. सेक्रेटरींनी टीडीएस मीटर बुडवून दाखवला, ३४० आला, म्हणाले पाणी ओके आहे. घरात सासूबाई आणि दीड वर्षाची मुलगी, मला काही ते पटत नाहीये. आरओ आहे, वर उकळतेही. एवढं पुरेल का, आणि लॅबला नक्की काय सांगायचं?

प्रयोगशाळेतला
ताई, टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, सॉल्व्हंट, म्हणजे थिनरसारखी विरघळवणारी रसायनं, त्याला दिसतच नाहीत. उदाहरणार्थ, धातूच्या पार्टवरचं ग्रीस काढायला वापरतात ते ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे टीसीई. पिण्याच्या पाण्यात अमेरिकेची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओची ८, आणि वास जाणवायला लागतो तो साधारण ३०० च्या आसपास. त्यामुळे वास गेला म्हणून निर्धास्त होऊ नका.

लॅबला नुसतं "पिण्याचं पाणी तपासा" म्हणालात तर पीएच, हार्डनेस, कोलिफॉर्म करून देतील, आणि पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीसीई नाहीच, म्हणून त्या पॅकेजमध्ये ते येत नाही. "व्हीओसी (सहज उडून जाणारी सेंद्रिय रसायनं), जीसी-एमएसवर (ती एकेक ओळखून मोजणारं यंत्र)" असं सांगा आणि नावं लिहून द्या: टीसीई, पीसीई, बेंझिन, टोल्युइन, झायलिन, डायक्लोरोमिथेन. लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारं मंडळ) असली तरी तिच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत, पाण्यासाठी ही नावं आहेत का ते बघा. डिटेक्शन लिमिट, म्हणजे यंत्राला दिसणारी किमान मात्रा, आधीच विचारा, कारण लॅबचं यंत्र १०० मायक्रोग्रॅमच्या खाली बघतच नसेल तर रिपोर्टवरच्या "बीडीएल"ला (त्या किमान मात्रेपेक्षा कमी) काही अर्थ नाही.

सँपल मिनरल वॉटरच्या बाटलीत अजिबात नको. लॅबकडून ४० मिलीच्या काचेच्या व्हायल (छोट्या बाटल्या) मागा, नळाची जाळी काढून बारीक धारेने काठोकाठ भरा, उलटी करून बुडबुडा दिसला तर ते सँपल बाद, कारण सॉल्व्हंट त्या हवेत निघून जातो. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याला मारणारं औषध व्हायलमध्ये आधीच घालतात, ते धुऊन टाकू नका. बर्फात ठेवून लगेच पोचवा.

पाईपवाला_मोशी
वहिनी, आधी हे विचारा की दिवाळीच्या सुमारास टाकीला आतून कोटिंग केलं का किंवा पीव्हीसीची नवी लाईन टाकली का, कारण सॉल्व्हंट सिमेंटचा (पीव्हीसी पाईप चिकटवायचा गोंद) वास अगदी असाच येतो आणि रात्रभर पाईपात पाणी उभं राहिलं की सकाळीच जास्त येतो. तसं असेल तर एमईके आणि टीएचएफ ही त्या गोंदातली सॉल्व्हंटं पण यादीत घाला, नेहमीच्या व्हीओसी यादीत ते असतीलच असं नाही. सँपल एका जागचं नको. बोअरच्या तोंडाशी मोटर थोडा वेळ चालवून, मग खालची टाकी, वरची टाकी, आणि किचनच्या नळाचं सकाळचं पहिलं पाणी. बोअर स्वच्छ आणि नळाला वास म्हणजे भानगड आपल्याच बिल्डिंगमध्ये.

भूजल_विद्यार्थी
आणि बोअरलाच आलं तर लगेच शेजारच्या कंपनीकडे बोट दाखवू नका. टीसीई पाण्यापेक्षा जड, खाली बसतं, आणि आपल्याकडचा काळा बेसॉल्ट खडक भेगांमधून पाणी नेतो, त्यामुळे ते कुठून आलं हे वरून बघून कळत नाही. रिपोर्टसकट प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि महापालिकेकडे लेखी तक्रार द्या, आसपासच्या सोसायट्यांचे बोअरही तपासायला लावा.

भोसरीची_आई
खूप आभार. टाकीला कोटिंग झालंय खरं, कधी ते विचारते. तोवर उकळून चालेल ना?

प्रयोगशाळेतला
नको ताई. उकळलं की सॉल्व्हंट पाण्यातून उडून स्वयंपाकघराच्या हवेत येतो आणि तुम्ही तो श्वासातून घेता. आरओच्या पडद्यावरही विसंबू नका. पकडतो तो त्यातला कार्बन, पण तो भरला की पुढे सोडून देतो आणि हे बाहेरून कळत नाही. रिपोर्ट येईपर्यंत पिण्याला आणि मुलीच्या खाण्याला जारचं पाणी घ्या. आंघोळीला हेच पाणी लागणार असेल तर फार गरम नको, बाथरूमची खिडकी उघडी ठेवा आणि मुलीची आंघोळ पटकन उरका.