जागेवर रंगवलेले निसर्गचित्र घरी आणून 'पूर्ण' करावे का?

ओला_रंग:
तैलरंगातले निसर्गचित्र जिथे बसून सुरू केले तिथेच संपवावे आणि घरी आणल्यावर त्याला पुन्हा कुंचला लावू नये, असे माझे ठाम मत आहे. गेल्या हिवाळ्यात मेणवलीच्या घाटावर सकाळी साडेसातला मी कॅनव्हास मांडला. नऊ वाजेपर्यंत पायऱ्यांवरची निळसर सावली पार सरकून गेली होती. त्या दीड तासात ओल्या रंगात ओला रंग मिसळत जे उतरले ते घाईचे असले, तरी काळ्या दगडावरचे कोवळे ऊन आणि कृष्णेच्या पाण्यातला करडा हिरवा या दोन्ही छटा एकमेकींशी ताडून पाहूनच लावलेल्या होत्या. पुढे घरी, ट्यूबलाइटखाली, मी पायऱ्यांच्या कडा रेखल्या, सावलीत अल्ट्रामरीन हा गडद निळा वाढवला आणि चित्रातली सकाळच निघून गेली. डोळ्यांसमोरची छटा नाहीशी झाली की हात सवयीने रंगवू लागतो, मग झाड हिरवे होते आणि आकाश निळे. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 मध्ये कथलाच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचे पेटंट घेतले आणि तैलरंग उघड्यावर नेणे सोपे झाले. ती सोय हाती असताना स्मरणावर विसंबून रंगवणे मला पटत नाही.

घाटवाट:
आपले निरीक्षण खरे आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने 1821 आणि 1822 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला आकाशाचे कितीतरी तैलअभ्यास, म्हणजे निरीक्षणासाठीची छोटी चित्रे, केले आणि त्यांपैकी अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. इतक्या काटेकोर माणसाने 1821 चे 'द हे वेन' हे सहा फुटी चित्र मात्र इंग्लंडमधल्या सफक परगण्यात नदीकाठी न रंगवता लंडनच्या स्टुडिओत रंगवले, तेही आधी त्याच आकाराचा कच्चा आराखडा तैलरंगात करून. आपण अभ्यासचित्रावरच दुरुस्त्या केल्या, ही खरी चूक. तो अभ्यास तसाच ठेवून दुसरा कॅनव्हास घेतला असता तर सकाळ हातची गेली नसती. शिवाय सह्याद्रीच्या मागच्या रांगांचे धुके ओल्या रंगात पांढरा मिसळून काढले की खडूसारखे दिसते. वाळलेल्या थरावर तेलात पातळ केलेला पारदर्शक निळा फिरवला तर खालचा डोंगर त्यातून जाणवत राहतो. ही खोली एका बैठकीत साधत नाही.

जवसतेल:
पारदर्शक थरांची शिफारस करताना वाळण्याचाही विचार व्हावा. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जाते. अंबर हा तपकिरी मातीचा रंग काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, तर आयव्हरी ब्लॅक हा काळा आणि अलिझरिन हा गडद लाल रेंगाळतात. खालचा थर जास्त तेलाचा व अर्धवट ओला असताना वर कमी तेलाचा थर दिला तर पुढे तडे जातात, म्हणून तेलाचे प्रमाण थरागणिक वाढत जायला हवे. कोकणातल्या पावसाळ्यात हे वेळापत्रक सांभाळणे फार कठीण असते. तिथे एका बैठकीचे चित्रच अधिक टिकाऊ, असे मी अनुभवाने म्हणतो.

घाटवाट:
पावसाळ्याची अडचण मान्य आहे, पण ती ऋतूची अडचण झाली. तिच्यावरून पद्धतीलाच दोष देता येणार नाही. आणि ज्याचे नाव जागेवरच्या चित्रणासाठी सर्वात आधी घेतले जाते त्या फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचे काय? 1890-91 मधल्या गंजींच्या मालिकेत उजेड बदलला की तो कॅनव्हास बदलत असे, आणि तरीही ती चित्रे त्याने स्टुडिओत आणून पुन्हा हाताळली.

ओला_रंग:
मोनेजवळ त्याच उजेडाकडे दुसऱ्या दिवशी परत जाण्याची सोय होती, कारण गंजी घराशेजारच्या शेतातच होत्या. मेणवलीला मी वर्षातून एकदा जातो. तरीही अभ्यासचित्र वेगळे राखण्याचा मुद्दा मला पूर्ण पटला आहे. या हिवाळ्यात दोन कॅनव्हास नेईन आणि जो घाटावर रंगवीन त्याला घरी हात लावणार नाही. दुसऱ्यावर थर देऊन पाहीन, मात्र पहिला समोर ठेवून आणि दिवसाच्या उजेडातच.