नगरसेवक मुख्यमंत्री झाला, आणि शहरांत नगरसेवकच उरले नाहीत

कोपरीकर: एकनाथ शिंदे १९९७ साली ठाणे महापालिकेत नगरसेवक म्हणून निवडून आले. मग सभागृह नेते, २००४ पासून आमदार, २०१९ ला नगरविकास मंत्री, ३० जून २०२२ ला मुख्यमंत्री. गल्लीतल्या गटारापासून सुरुवात केलेल्या माणसाकडे नगरविकास खातं आलं, म्हणजे शहरांचं भलं होणार असं वाटलं होतं. पण मार्च २०२२ मध्ये ठाणे, मुंबई, पुणे महापालिकांची मुदत संपली, नगरसेवकांच्या जागी आयुक्तच प्रशासक म्हणून बसले आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधले थोडे दिवस वगळले तर खातं शिंद्यांकडेच होतं. ज्या पायरीवरून ते वर चढले, तीच जवळपास चार वर्षं बंद राहिली. याचा जाब त्यांना विचारायलाच हवा.

वागळे_इस्टेट: साफ अमान्य. निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात अडकल्या होत्या. आधी ओबीसींची आकडेवारी गोळा करणारा बांठिया आयोग, मग ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा 'जैसे थे'चा आदेश. मंत्री काय करणार? आणि ठाण्यातल्या किसननगरचा क्लस्टर, म्हणजे जुन्या इमारतींचा एकत्रित पुनर्विकास, कोणी रेटला? जीव मुठीत धरून धोकादायक इमारतीत राहणं काय असतं, हे तिथे वाढलेल्या माणसालाच कळतं. २०२३ ला भूमिपूजन झालं. नगरसेवकपदाचा अनुभव तो हाच.

कोपरीकर: क्लस्टरचं श्रेय त्यांचंच, वाद नाही. पण सगळं कोर्टावर ढकलू नका. आघाडी सरकारने मुंबईचे नगरसेवक २२७ चे २३६ केले, शिंदे सरकारने ऑगस्ट २०२२ ला ते पुन्हा २२७ वर आणले. प्रभागांचा घोळ त्याने आणखी वाढला. हे न्यायालयाने केलेलं नाही.

सरळ_बोलतो: नगरसेवक नव्हते म्हणून कोणाचं अडलं? टक्केवारी नाही, टेंडरात लुडबुड नाही. आयुक्त सही करतो, काम होतं.

नळावरची_ताई: आमचं अडलं, दादा. पाणी दोन दिवस आलं नाही की आम्ही बायका हंडे घेऊन नगरसेवकाच्या दारात उभ्या राहायचो, तो आमच्यासमोर ज्युनियर इंजिनिअरला फोन लावायचा. प्रशासक आल्यावर वॉर्ड ऑफिसात 'अर्ज द्या' म्हणाले. आधीच्या नगरसेवकाकडे गेलो तर म्हणे, 'आता मी माजी, माझं कोण ऐकतं?' टक्केवारी खाणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत पाडता येतं. आयुक्ताला आम्ही कसं पाडणार?

वागळे_इस्टेट: ताई, पटलं. तरी दोष एकट्या शिंद्यांचा नाही. प्रशासक बसले तेव्हा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे होते.

कोपरीकर: बरोबर, आणि नगरविकास मंत्री शिंदे. जाब दोघांनाही विचारू. संविधानाच्या २४३-यू कलमात पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करा असं स्पष्ट लिहिलंय. शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं, आणि त्यावरही आणखी चार महिने गेले. स्वतः नगरसेवक राहिलेल्या मंत्र्याने त्याआधी एकदा तरी सभागृहात उभं राहून 'माझ्या शहरांना त्यांचे प्रतिनिधी द्या' असा आग्रह धरायला हवा होता.