पाऊस लागला की मुलगा झोपत नाही, शाळेत लक्ष नाही. एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार) की पुराची भीती?

चिपळूणची आई
पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मुलगा नववीत आहे. २२ जुलै २०२१ चा पूर आला तेव्हा पाचवीत होता, पहाटे पाणी घरात शिरलं, आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे दीड दिवस काढला, खाली सगळं गेलं, त्याची मांजर पण. तेव्हा रडला नाही, आम्हाला वाटलं पोर धीराचं आहे. आता जोराचा पाऊस लागला की रात्रभर जागा, सारखा उठून खिडकीतनं गटार बघतो, मोबाईलवर वाशिष्ठी नदीची पातळी बघतो. वह्या अर्ध्या कोऱ्या. वर्गशिक्षिका म्हणतात एडीएचडी असेल, गोळी सुरू करा. सासूबाई म्हणतात देवळात गाऱ्हाणं घालू. मी स्टाफ नर्स आहे, नाइट करून आले की त्याच्यावरच खेकसते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. वॉर्डात पेशंट कण्हत असला तरी हल्ली आतून काही वाटत नाही, मी अशी नव्हते हो. कुठे दाखवू?

समुपदेशक, रत्नागिरी
ताई, इथे वाचून निदान कुणीच करू नये, पण एक आधी शोधा, पुराच्या आधी तो कसा होता? एडीएचडीची लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसायला लागतात, घरी आणि शाळेत दोन्हीकडे. पण पूर आला तेव्हा तो बाराच्या आतलाच, म्हणून नुसतं वय बघून भागणार नाही. पहिली-दुसरीच्या प्रगतिपुस्तकातले शेरे काढा. तेव्हा लक्ष नीट असेल तर आत्ताचं वेगळं आहे, अर्धं डोकं पाण्यावर पहारा देत असेल तर बीजगणित कुठे शिरणार, त्यात झोप नाही. दोन्ही एकत्र पण असू शकतं, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी बघायलाच हवं.

मनाला बसलेल्या आघातासाठी ट्रॉमा फोकस्ड सीबीटी ही बोलून करायची थेरपी असते. आधी श्वास, शरीर शांत करायला शिकवतात, मग घडलेलं थोडं थोडं सांगायचं, आईबाबांनाही त्यात घेतात. दुसरी ईएमडीआर, त्यात आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटामागे नजर फिरवायची, सगळं बोलून दाखवावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी या दोन्ही सुचवल्यात. घरी मात्र 'काय झालं होतं सांग' म्हणून मागे लागू नका. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, नावाला लोक घाबरतात, पण ओपीडीत दाखवलं म्हणजे कोणी ठेवून घेत नाही. आधी फोनवर बोलायचं तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कुडाळकर
मला ३६ व्या वर्षी एडीएचडी कळला. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या गोळीने फरक पडला हे खरं, पण मी बालवाडीपासून तसाच, दप्तर शाळेत विसरणारा. डॉक्टरनी आधी माझ्या आईला तासभर विचारलं मग लिहून दिली. बाईंच्या सांगण्यावरून सुरू करायची गोष्ट नाय ती. आणि गाऱ्हाणं घालूक हरकत नाय, आजीचं मन राहील, फक्त डॉक्टरची तारीख चुकवू नका. होतला नीट.

नाइट ड्युटी
सगळे मुलाचंच बोलतायत. ताई तुझं काय? मी पण नर्स, अलिबागकडची. अंगात जीव नसणं, पेशंटबद्दल काही न वाटणं, आपलं काम वाया जातंय असं वाटणं, हे बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामातून येणारी अवस्था म्हणते, म्हणजे नुसत्या ध्यानाने जाणार नाही, ड्युटी बदलायला लागते. मी मेट्रनना लेखी दिलं, सलग नाइट बंद झाल्या, दोन महिन्यांनी माणसात आले. पण सुट्टीच्या दिवशीही रडू येत असेल, कशात मन लागत नसेल, तर डिप्रेशन तपासून घे, त्याला उपचार आहेत. मुलाला नेशील तेव्हाच स्वतःचाही केसपेपर काढ.

चिपळूणची आई
प्रगतिपुस्तकं पुरातच गेली. पण काल बाजारात त्याच्या दुसरीच्या बाई भेटल्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "तुमचा पोरगा? फळ्यावरचं सगळ्यांच्या आधी उतरवून मोकळा व्हायचा." तिथेच रडू आलं मला. गुरुवारी सुट्टी टाकलीय, रत्नागिरीला जातोय, केसपेपर दोन काढणार.