मदत हवी आहे: खासगी शाळेच्या करारपत्रावर सही करण्याआधी काय काय विचारू?

नमस्कार मंडळी,

मी माध्यमिकच्या मुलांना गणित शिकवते. सरकारी अनुदान न घेता फीवर चालणाऱ्या एका स्वतंत्र शाळेने नेमणूक देऊ केली आहे. शाळा मनापासून आवडली. वर्गात मोजकी मुलं, आणि धडे कोणत्या क्रमाने घ्यायचे ते शिक्षकाच्या हातात. नमुना तास संपल्यावर एक मुलगी फळ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, ऋण गुणिले ऋण धन का होतं, ते परत एकदा दाखवाल?" असं विचारायची मोकळीक जिथे आहे, तिथे शिकवायला मला फार आवडेल.

घोडं अडलंय करारपत्रावर. नेमणूक वर्षभराची, पुढचं सगळं व्यवस्थापनाच्या मर्जीवर. कामांच्या यादीत शेवटी "वेळोवेळी सोपवली जातील ती इतर कामे" अशी ओळ आहे. त्यात बदली तास, सहली, स्नेहसंमेलन, प्रवेशाच्या दिवसांत पालकांशी बोलणी, काहीही बसतं. नोकरी सोडताना मी तीन महिने आधी कळवायचं, त्यांनी मात्र एकच. मूळ प्रमाणपत्रंही जमा करा म्हणतात. ती मी देणार नाही, साक्षांकित प्रती देईन, एवढं पक्कं.

अशा शाळेत काम केलेल्यांनी कृपया सांगा: आठवड्याचे तास आकड्यात लिहून मागितले तर देतात का? मोठ्या सुट्टीतल्या पगाराचं करारात कसं लिहून घ्यावं? आणि फी भरणारे पालक गुण वाढवून मागतात, तेव्हा मुख्याध्यापक शिक्षकाच्या पाठीशी उभे राहतील का, हे आधी कसं ओळखायचं?