क्लब आणि देश : टोंगा-सामोआचे उदाहरण

'क्लबच्या निकालांवर जीव टाकणारा प्रेक्षक आंतरराष्ट्रीय रग्बी लीगकडे (रग्बीचा तेरा खेळाडूंचा प्रकार) पाठ फिरवतो' हे नेहमी ऐकू येणारे मत ऑस्ट्रेलियापुरते बऱ्याच अंशी खरे आहे. तिथे क्लबखालोखाल मान स्टेट ऑफ ओरिजिनला, म्हणजे न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या राज्यांमधील वार्षिक मालिकेला मिळतो आणि राष्ट्रीय संघ त्यानंतर येतो. मात्र प्रशांत महासागरातील बेटांचे उदाहरण हे मत खोडून काढते.

2017च्या विश्वचषकापूर्वी जेसन तौमालोलोने न्यूझीलंडऐवजी, तर अँड्र्यू फिफिताने ऑस्ट्रेलियाऐवजी टोंगाची निवड केली. त्याच टोंगाने हॅमिल्टन येथे न्यूझीलंडला 28-22 असे हरवले, आणि ऑकलंडमधील उपांत्य सामन्यात इंग्लंडकडून अवघ्या दोन गुणांनी पराभव होत असताना माउंट स्मार्ट मैदान टोंगाच्या लाल झेंड्यांनी भरून गेले होते. हा प्रेक्षक एरवी क्लबचाच असतो. फक्त त्याला आपला संघ सापडला होता. 2022मध्ये पेनरिथ पँथर्स या ऑस्ट्रेलियन क्लबला विजेतेपद मिळवून दिल्यावर काही आठवड्यांतच जरोम लुआई, ब्रायन तोओ आणि स्टीफन क्रायटन सामोआकडून खेळले, आणि विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात क्रायटनच्या ड्रॉप गोलमुळे (चेंडूचा टप्पा पाडून लाथेने मारलेला, एका गुणाचा गोल) सामोआने जादा वेळेत इंग्लंडला 27-26 असे नमवून अंतिम फेरी गाठली. क्लबनिष्ठा आणि देशप्रेम यांत येथे भांडण दिसत नाही. भांडण असलेच तर ते वेळापत्रकाचे आहे, कारण क्लब हंगाम इतका लांबतो की देशांच्या सामन्यांसाठी वर्षाअखेरचे मोजके आठवडेच उरतात.