हानेस वाडर कोण?

प्रश्न: जर्मन क्लासमध्ये सरांनी 'हॉयटं हिअर, मॉर्गन डॉर्ट' ऐकवलं, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. ते गाणारा जर्मन गायक वाडर, त्याच्याबद्दल कोणी सांगेल का?

— १९४२ चा जन्म, बीलेफेल्डजवळचा. आधी दुकानाच्या काचा सजवायचा, मग गिटार घेऊन १९६६ ला बुर्ग वाल्डेकच्या (जर्मनीतला एक जुना किल्ला) गाण्यांच्या फेस्टिव्हलला गेला आणि तिथून गाडी सुटली. तुझं गाणं १९७२ चं, पण चाल त्याची नाही हां, गॅरी बोलस्टॅड नावाच्या अमेरिकनाची.

— त्याचं गिटारचं पिकिंग (बोटांनी तारा छेडणं) ऐक रे, शब्द नंतर!

— आणि ते हॅम्बुर्गच्या फ्लॅटचं? एका बाईला राहायला दिला, ती निघाली अतिरेकी गुडरून एन्सलिन, मग काय पोलीस मागे, रेडिओवाल्यांनी पण टाळलं बिचाऱ्याला. पुढे कम्युनिस्ट पक्षातही होता, १९९१ ला सोडला. २०१७ ला निरोपाची टूर केली.

— बापरे, सरांनी हे नाही सांगितलं 😄