मोनेच्या पाण्याचा रंग गढूळ का होत नाही?

रंकाळाकाठ:
संध्यामठाच्या बाजूनं कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं चित्र तैलरंगात करतोय. आकाशाचा केशरी पाण्याच्या निळ्यात गेला की राखाडी चिखल होतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने ओल्यातच ओलं, म्हणजे खालचा रंग वाळायच्या आत वरचा लावायचा म्हणतात, मग त्याचे रंग एवढे स्वच्छ कसे?

टर्पेंटाइन:
सगळंच ओल्यात नव्हतं हो. बऱ्याच ठिकाणी खालचा थर वाळल्यावर तो वरून घट्ट रंग ओढायचा, तेलाचा अंश कमी ठेवून. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, खाचांतून खालचा दिसत राहतो. तुमचा केशरी तसाच टाका. आडवा, तुटक फटकारा मारा आणि ब्रश उचला. परत त्यावरून फिरवलात की मेला तो रंग! फटकाऱ्यागणिक ब्रश फडक्याला पुसाच.

आणि काळा डबीतून काढूनच टाका. 1905 च्या पत्रात मोनेनं आपले रंग सांगितलेत: पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन (शेंदरी लाल), गडद मॅडर (किरमिजी लाल), कोबाल्ट निळा, एमराल्ड हिरवा. काळा नाहीच.

त्याच्या 1872 च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या सूर्योदयाच्या चित्राचा फोटो मोबाईलवर कृष्णधवल करून बघा. सूर्य जवळपास गायब! त्याचा उजेड आकाशाएवढाच आहे, तो पेटतो ते निव्वळ केशरी-निळ्याच्या विरोधामुळं. मला हे फार मोठं वाटतं. तुम्ही सूर्यात पांढरा ओतत असाल तर थांबा.

कोटितीर्थ:
उजेड बदलला की मोने कॅनव्हासच बदलायचा, गवताच्या गंजींची मालिका तशीच झाली. दोन कॅनव्हास न्या. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रंही जवळून बघा.

रंकाळाकाठ:
उद्याच जातो. फडकी जास्त घेतो.